निळा दोरा, हिरवा दोरा

२ नोव्हेंबर

संध्याकाळच्या बोटीने जिन्सी उतरली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात जाडजूड फाईल. बॅगेपेक्षा फाईलच जड असावी, कारण बॅग तिने खलाशी सहदेवनच्या हाती दिली आणि फाईल छातीशी धरून उतरली.

लेक घरी आली म्हणून मी खुश. माझ्या बायकोने, तंकम्माने, करिमीन मासे तळले होते. पहिला घास घेते न घेते तोच जिन्सी म्हणाली, "अप्पा, मी तीन महिन्यांची रजा काढलीय. आपलं दुकान 'सुरक्षित औषधालय' करायचं."

"म्हणजे आत्तापर्यंत मी काय विष विकत होतो?"

"तसं नाही हो! फार्मासिस्टांची संघटना पाटी देते. वीस जानेवारीला तपासनीस येणार. पाटी मिळाली तर मी कोचीच्या इस्पितळातली नोकरी सोडते आणि कायमची इथे येते. तसाही नवरा वर्षातले आठ महिने जहाजावर."

घशात काटा अडकतो की काय असं झालं मला, आनंदाने. मग मी विचारलं, "आणि मी?"

"तुम्ही काउंटरवर. नियमांत बसलात तर."

अडतीस वर्षं या धक्क्यावर 'मरिया मेडिकल्स'च्या काउंटरमागे उभा आहे कुर्याकोस. आता म्हणे नियमांत बसलात तर! माझ्याच मुलीची भाषा ही.

या डायरीच्या रेघा फार फिकट छापल्यात. औषध कंपन्या फुकट देतात म्हणून काय शाईचीही काटकसर करायची?

५ नोव्हेंबर

पहिली धाड फ्रिजवर. जिन्सीने दार उघडलं. इन्सुलिनच्या शेजारी तंकम्माचं मीनकरीचं मडकं. मागे दुकानात मदतीला असलेल्या ओमनाचं ताक. सगळ्यात खाली माझा अर्धा अननस.

ती काही बोलली नाही. फोटो काढला. न बोलण्याची ही सवय तिने आईकडून घेतली आहे.

"माशालाही थंडच लागतं आणि इन्सुलिनलाही. भांडत नाहीत बिचारे," मी म्हणालो.

"दार दिवसातून चाळीसदा उघडतं, अप्पा. दोन ते आठ अंशांत राहायला हवं. आत्ता तेरा आहे!"

ओमना मागे उभी राहून पदरात हसत होती. ही माझ्याकडे बावीस वर्षं आहे, पण फितूर व्हायला तिला बावीस मिनिटंही लागली नाहीत. तिने स्वतःहून मडकं उचललं आणि घरी पोचवून आली. तंकम्मा म्हणाली, "पुढच्या महिन्यात ख्रिसमसचा उपास. मासे खायचेच नाहीत, तर ठेवायचे कशाला? तेवढ्यात तुम्हाला सवय होईल." म्हणजे तीही तिकडच्याच पार्टीत.

९ नोव्हेंबर

आज खरी लढाई झाली, दोऱ्यावरून.

आमच्याकडून रोज पंधरावीस पाकिटं बोटीने जातात. कायलच्या, म्हणजे आमच्या बॅकवॉटरच्या, दोन्ही काठांवरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी दर महिन्याला दुकानापर्यंत यायचं कशाला? मी कागदात गोळ्या गुंडाळतो, वर घराचं नाव लिहितो, दोरा बांधतो, आणि सहदेवन ज्याच्या त्याच्या धक्क्यावर देतो. आता पुत्तनपुरा नावाची दोन घरं आहेत. पूर्वेच्या पुत्तनपुरात मरियाम्मा, तिची बीपीची गोळी. पश्चिमेच्या पुत्तनपुरात सरोजिनीअम्मा, तिची शुगरची. म्हणून पूर्वेला निळा दोरा, पश्चिमेला हिरवा. ही युक्ती माझी. दोरा बांधायचं कामही माझंच. अडतीस वर्षांत त्याला कुणाला हात लावू दिलेला नाही.

जिन्सी म्हणते, "घराचं नाव नको, माणसाचं नाव लिहा. गोळी कशासाठी, कधी, किती. मोठ्या अक्षरात, खाली दुकानाचा फोन."

"सहदेवनला सगळं माहीत आहे."

"आणि सहदेवन आजारी पडला तर?"

"तो कधी आजारी पडत नाही."

खूप वादावादी झाली. शेवटी मांडवली अशी की तिची चिठ्ठी आतल्या लिफाफ्यावर चिकटवायची आणि बाहेरचा कागद आणि दोरा माझा. हरलो नाही मी. निम्मं निम्मं केलं.

१५ नोव्हेंबर

एकसारख्या दिसणाऱ्या गोळ्यांचे खण आता वेगळे. मध्ये लाल पट्ट्या. काउंटरच्या टोकाला एक खुर्ची, गिऱ्हाइकाला बसवून औषध समजावून सांगायला. पहिल्याच दिवशी त्या खुर्चीत कोण बसलं? निवृत्त पोस्टमास्तर. दीड तास. औषध घेतलं नाही. सुनेविषयी सांगत होता. जिन्सीने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी त्याच्याकडून कबूल करून घेतलं की झोपेची गोळी तो एकाऐवजी दोन घेतो. हे मला पाच वर्षांत कळलं नव्हतं.

मान्य करायला जिवावर येतं, पण पोरगी हुशार आहे.

२३ नोव्हेंबर

आता नवीन खूळ. चूक-वही! औषध देताना चूक झाली किंवा होता होता राहिली, तर वहीत लिहायचं. तारीख, काय झालं, कोणाच्या हातून. शिक्षा नाही, ओरडा नाही.

"माझ्या चुका होत नाहीत," मी सांगितलं.

"मग तुमचं पान कोरं राहील, अप्पा. सोपं."

ओमनाने लगेच पेन्सिल कानावर खोचली. तिचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. ते वाचायचं तर भिंग लागेल.

एक मात्र चांगलं दिसतं हल्ली. गिऱ्हाइकं पाकीट हातात घेतात आणि गोळीचं नाव माझ्यासमोर मोठ्याने वाचतात. "बरोबर ना, कुर्याच्चा?" असंही विचारतात. पूर्वी कुणी वाचत नसे. लोकांचं शिक्षण वाढलंय.

७ डिसेंबर

सहदेवनने गंमत सांगितली. मरियाम्मा आणि सरोजिनीअम्मा दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी बोटीत शेजारी शेजारी बसतात. कुठे उतरत नाहीत. एक फेरी मारतात, केळ्याची भजी खातात, हसतात आणि आपापल्या धक्क्यावर परततात.

मी थक्क! या दोन घरांचं तीस वर्षं वैर. होड्यांच्या शर्यतीत पूर्वेच्या पुत्तनपुराच्या वल्हेकऱ्याने पश्चिमेच्याला वल्हं मारलं की वल्हं चुकून लागलं, यावरून. लग्नकार्याला जात नव्हत्या एकमेकींच्या.

"कशामुळे जुळलं?" मी विचारलं.

सहदेवन दोर गुंडाळत म्हणाला, "देवाची करणी, कुर्याच्चा." आणि का कोण जाणे, दोर सोडून माझ्याकडेच बघत राहिला.

१२ डिसेंबर

चूक-वहीत आठ नोंदी झाल्या. जिन्सीने मोजून सांगितलं. आठही ओमनाच्या!

मला वाईट वाटलं. बाईचं वय झालं. चहा पिताना मी तिला समजुतीने म्हणालो, "ओमने, लक्ष कुठे असतं तुझं? कसल्या चुका होतायत?"

"बारीकसारीक हो, मुतलाळी." मालकाला ती मुतलाळीच म्हणते.

"बारीकसारीकच पुढे वाढतात. माझ्याकडे बघ. पान कोरं आहे माझं."

"हो, मुतलाळी," ती म्हणाली आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला. जिन्सी एकदम उठून मागच्या खोलीत गेली. तिला ओमनाचा लळा आहे. मी बोललो ते लागलं असावं तिला.

१८ डिसेंबर

फाईलमधला चौदावा नियम: काउंटरवर उभं राहणाऱ्याने डोळे तपासल्याचा दाखला. मी म्हटलं, काय बिशाद! आत्ता दाखवतो.

चष्मेवाल्याने दिलेला अक्षरांचा तक्ता आमच्याच भिंतीवर वीस वर्षं टांगलेला आहे. जिन्सीने दहा पावलं लांब उभं केलं. मी वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हणून दाखवला. शेवटची ओळसुद्धा. ओमनाने टाळ्या वाजवल्या.

जिन्सीने तक्ता उलटा टांगला आणि म्हणाली, "आता?"

त्याच वेळी धक्क्यावर बोटीचा भोंगा झाला आणि मला पाकिटं द्यायला जावं लागलं. नाहीतर तोही वाचला असता. तक्ता पाठ आहे हे खरं. पाठ असणं हा काही गुन्हा नाही.

पण एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण ही डायरी कुणी वाचत नाही. मला भीती वाटते. सकाळी सात वाजता दुकानाची फळी उघडली की अख्ख्या कायलवरून कोणीतरी हाक मारतं, "कुर्याच्चा!" ती हाक कोणी नियम दाखवून बंद केली, तर मी घरी बसून तंकम्माच्या कोंबड्या मोजायच्या का?

२५ डिसेंबर

नाताळ. मध्यरात्रीची प्रार्थना, सकाळी अप्पम आणि बदकाचा रस्सा. पंचवीस दिवसांच्या उपासानंतर बदकासारखं दुसरं सुख नाही. जावयाचा जहाजावरून फोन आला.

यंदा दारातल्या ताऱ्याच्या दिव्याभोवती मोठं गोल वलय दिसतं. फार शोभून दिसतं. तंकम्माला म्हटलं, नव्या पद्धतीचा दिवा आणलास वाटतं. ती म्हणाली, "सहा वर्षं हाच दिवा लावतेय, इच्चाया." बायकांना नवी वस्तू आणली की लपवायची सवय असते.

१ जानेवारी

नवी डायरी. रेघा जवळजवळ नाहीतच. कंपनीला पत्र लिहिणार आहे.

१३ जानेवारी

हे आजच लिहिलं पाहिजे.

सहदेवन मकरज्योतीच्या दर्शनाला शबरीमलेला गेला. त्याच्या जागी नवा खलाशी. ओमना भाचीच्या लग्नाला गेली. सकाळची सगळी पाकिटं मी एकट्याने बांधली. नव्या खलाशाला शिकवलं, "निळा दोरा पूर्वेचं पुत्तनपुरा, हिरवा दोरा पश्चिमेचं." पोरगा समजूतदार होता. त्याने सांगितलं तसंच केलं.

अकरा वाजता फोन. जिन्सीने घेतला. पूर्वेच्या पुत्तनपुराची नवी सून ट्रीसा बोलत होती, चार महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली. मरियाम्मा तीन दिवस तापाने आडवी, पोटात पेजेशिवाय काही नाही. ट्रीसाने निळ्या दोऱ्याचं पाकीट सोडलं, गोळी हातावर घेतली, पाण्याचा पेला घेतला. तेवढ्यात लिफाफ्यावरची चिठ्ठी दिसली. 'सरोजिनीअम्मा. पश्चिमेचं पुत्तनपुरा. शुगरसाठी. जेवणाआधी एक.' खाली फोन नंबर.

"आमच्या अम्माचीला शुगर नाहीये ना?" ती विचारत होती.

जिन्सीचा चेहरा पांढरा पडला. तिने एकच सांगितलं, "नाही, मोळे, बाळा. देऊ नकोस. फार छान केलंस फोन केलास ते." मग तिने फोन ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता बोलली. "उपाशी पोटी शुगरची गोळी, अप्पा. सत्तर वर्षांच्या बाईला, तापात."

मी म्हटलं, खलाशाने घोळ घातला. निळा दोरा पूर्वेला, एवढं साधं! जिन्सीने दोन्ही रिळं माझ्यापुढे ठेवली. "हिरवं कुठलं?"

मी दाखवलं.

तिने मान हलवली, नाही म्हणून. मग मी दुसरं दाखवलं. दोन्ही रिळं एकसारखी होती. मळकट, चिखलाच्या रंगाची. खूप दिवस तशीच होती. मी हाताच्या सवयीने उचलत होतो, डावीकडचं निळं, उजवीकडचं हिरवं. आणि काल खण पुसायला मीच ती रिळं उचलून ठेवली होती.

जिन्सीने सरोजिनीअम्माला फोन लावला आणि मला ऐकू यावा म्हणून मोठा केला. म्हातारी खळखळून हसली. "अगं, मला बीपीची आली तेव्हाच ओळखलं. माझ्याकडे जुन्या आहेत चार. शनिवारी बोटीत बदलून घेऊ, नेहमीसारखं."

"नेहमीसारखं?" मी ओरडलो.

पलीकडचा आवाज एकदम खाली आला. मग हळूच, "कुर्याच्चन आहेत वाटतं तिथे."

१४ जानेवारी

काल दुपारी मी स्वतः मरियाम्माकडे गेलो, बरोबर गोळी घेऊन. तिच्या खाटेशी उभा राहिलो आणि म्हणालो, "मरियाम्मा, माझ्या हातून फार मोठी चूक झाली." असं वाक्य मी अडतीस वर्षांत उच्चारलं नव्हतं. तोंडात बसत नव्हतं.

ती तापातही हसली. "गेल्या पावसाळ्यापासून होतेय हो. पहिल्यांदा सरोजिनीचं पाकीट आलं तेव्हा मी रागाने बोटीत बसून द्यायला गेले. ती माझं पाकीट घेऊन अर्ध्या वाटेत समोरून आली. तीस वर्षांनी बोललो बघा. तुमच्यामुळे मला सरोजिनी मिळाली."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुकानात उभं राहणं सोडलं असतं. मग आम्ही हाक कुणाला मारायची?"

ट्रीसाने पेज आणून दिली. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि समजलं की प्रेमाने झाकलेली चूक त्या पोरीच्या हातून जीव घेऊन गेली असती. जिन्सीची चिठ्ठी निदान आत होती म्हणून वाचलो. बाहेर असती तर पाकीट तिथे गेलंच नसतं. बाहेर मी लावू दिली नव्हती.

आज सकाळी फळी उघडली, चूक-वही मागितली आणि ठळक अक्षरात लिहिलं: 'तेरा जानेवारी. दोरे बदलले. चुकीचं औषध घरापर्यंत गेलं. मला रंग दिसत नाहीत आणि बारीक अक्षरं दिसत नाहीत, हे मी लपवलं. कुर्याकोस.' मग काउंटरची फळी वर केली, बाहेर आलो आणि गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसलो.

"जिन्सी, मला नियमांत बसव," मी म्हणालो.

ती मला धरून रडली. मुलगी एवढी रडते म्हणजे मी मेलोच की काय, असं वाटून पोस्टमास्तर धावत आला.

२० जानेवारी

तपासनीस बाई आली. चष्मा, छत्री, तोंडावर हसू नाही. फ्रिजची नोंद बघितली, मुदत संपलेल्या औषधांची पेटी बघितली, लाल पट्ट्या बघितल्या. मग चूक-वही घेऊन बसली आणि शेवटपर्यंत वाचली. मी खुर्चीतून बघत होतो. बारा नोंदी. गेलं सगळं, असं समजलो.

ती माझ्याकडे वळली. "ही शेवटची तुमची?"

"हो."

"ज्या दुकानात ही वही कोरी दाखवतात, तिथून मी स्वतः डोकेदुखीची गोळीही घेत नाही," ती म्हणाली. "पाटी मिळेल. एका अटीवर. या गृहस्थांच्या डोळ्यांतले मोतीबिंदू काढा आणि त्यांना परत काउंटरवर उभं करा. सकाळपासून बोटीतले सगळे मला विचारतायत, कुर्याच्चनला काढणार तर नाही ना."

तंकम्माने तिला जबरदस्तीने जेवायला घातलं. फ्रिज फक्त औषधांचा असल्याने करी ताजी होती.

९ फेब्रुवारी

परवा उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काल पट्टी सुटली. आज अर्धा तास दुकानात जायची परवानगी.

आमच्या दुकानाचं दार निळं आहे! मी रंगाऱ्याशी भांडलो होतो की त्याने राखाडी लावला म्हणून. कायल निळी नाही, हिरवी आहे, आणि त्यावरचं आकाश इतकं निळं की वेडाच झालो. तंकम्माचे केस सगळे पांढरे. "केव्हा झाले?" मी विचारलं. "तुम्ही तक्ता पाठ करत होतात तेव्हा," ती म्हणाली. सुरेख दिसते.

ही डायरी उघडली. रेघा ठळक आहेत, निळ्या. कंपनीला पत्र टाकलं नाही ते बरं झालं.

काउंटरवर आता नियम असा: मी पाकीट बांधतो, ओमना किंवा जिन्सी चिठ्ठी वाचून सही करते, मगच ते बोटीत जातं. चिठ्ठी बाहेर. दोरा मी ठेवला आहे, निळा आणि हिरवा, शोभेला.

मग सहज चूक-वही उघडली. ओमनाची मुंग्यांची रांग आज पहिल्यांदा वाचता आली. 'सव्वीस नोव्हेंबर. पूर्वेच्या पाकिटाला हिरवा दोरा. बोटीआधी बदलला. ओमना.' 'तीस नोव्हेंबर. दोरा चुकला. बदलला. ओमना.' 'चार डिसेंबर. पाचशेऐवजी अडीचशेची गोळी घेतली, पट्टीवरचा आकडा दिसला नाही. बदलली. ओमना.' अशा अकरा.

ओमनाने आयुष्यात दोरा बांधलेला नाही. दोऱ्याला मी कुणाला हात लावू देत नसे.

आणि मी तिला चहा पिताना उपदेश केला होता. माझ्याकडे बघ म्हणालो होतो. ती खरोखरच बघत होती, दिवसभर, एकेका पाकिटाकडे.

"जिन्सी, तुला माहीत होतं?"

"ओमनाचेचीने वहीत खरी चूक लिहिली, फक्त नाव खोटं लिहिलं. मी तिला सांगितलं होतं, अप्पा स्वतः दुरुस्त करतील तोवर राहू दे. पण दोनच महिने, म्हटलं." तिने मान खाली घातली. "तो दिवस मीच लवकर आणायला हवा होता. तेही लिहिलंय बघा." खरंच होतं, माझ्या नोंदीखाली, तिच्या सहीने.

मी पेन घेतलं. एकेक नाव खोडलं आणि पुढे लिहिलं, कुर्याकोस. डोळ्यांतून पाणी येत होतं. डॉक्टरबाईने आठवडाभर डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं बजावलं होतं. तिला सांगणार आहे की हे आतून आलं.

नवव्या नोंदीवर पेन नेलं तर ओमनाने वहीवर हात ठेवला.

"ती राहू द्या, मुतलाळी."

"का?"

"ती खरंच माझी आहे. खोकल्याचं औषध मोठ्यांचं काढलं होतं लहान मुलाला. सगळ्याच तुम्ही घेणार का?"

ती राहू दिली. सात वाजून दहा मिनिटांनी पश्चिमेची बोट लागली आणि अख्ख्या धक्क्यावरून हाक आली, "कुर्याच्चा!" मी वर बघितलं. हाक सरोजिनीअम्माने मारली होती. शेजारी मरियाम्मा बसली होती, मांडीवर भज्यांचा पुडा. दोघींच्या हातांत आपापली पाकिटं होती, जिची तिला. बदलायला काहीच नव्हतं, तरी दोघी एकत्रच आल्या होत्या.